मधल्या आकाशातील घड्याळे

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत)



ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी हयातभर भूगोल शिकविला, आणि नकाशा भिंतीवर टांगून मुलांना दाखविण्यापेक्षा तो मुलांकडून काढून घ्यावा असा त्यांचा आग्रह असे, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. सबब, त्यांच्या नावाने बोलावयाचे तर नकाशाच्याच घराण्यातला एखादा विषय घ्यावा असे मी योजिले. आकाशात उपग्रह सोडले जातात ही वार्ता आता कोणासही नवलाची राहिलेली नाही. परंतु हे उपग्रह किती उंचीवरून फिरतात, ती उंची कोणी निवडली आणि कोणत्या कारणास्तव निवडली, याची चौकशी करणारे थोडे. माझे म्हणणे असे आहे की, या निवडीत यंत्रविद्येइतकीच राजनीतीही गुंतलेली आहे. आणि भूपृष्ठापासून सुमारे दोन हजार ते पस्तीस हजार किलोमीटरांच्या दरम्यानचा जो मधला मुलूख आहे, ज्याला शास्त्रज्ञ मध्यम भूकक्षा म्हणतात, तेथे जो कोणी केवळ आपल्या सोयीसाठी मार्गदर्शक उपग्रहांची माळ उभारील, त्यास मनात असो वा नसो, सगळ्या जगाची चाकरी पत्करावी लागते.

प्रथम थोडे गणित. ग्रहांचे सूर्यापासूनचे अंतर आणि त्यांच्या प्रदक्षिणेचा काळ यांचा संबंध केप्लरने १६१९ साली प्रसिद्ध केला, आणि तोच नियम माणसाने सोडलेल्या उपग्रहांसही तंतोतंत लागू पडतो. चारपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो. २०,२०० किलोमीटरांवरच्यास बारा तासांना जेमतेम दोन मिनिटे कमी लागतात. आणि ३५,७८६ किलोमीटरांवर, विषुववृत्ताच्या प्रतलात ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी इतका एकरूप होतो की खालून पाहणाऱ्यास तो आकाशात खिळून राहिल्यासारखा भासतो. ही भूस्थिर कक्षा. उंचीचा दुसरा हिशेब दृष्टिक्षेपाचा आहे, आणि मला तो अधिक उद्बोधक वाटतो. साडेपाचशे किलोमीटरांवरून एका वेळी भूपृष्ठाचा अवघा चार टक्के भाग नजरेच्या टप्प्यात येतो. २०,२०० किलोमीटरांवरून अडतीस टक्के येतो. आणि तेथून आणखी साडेपंधरा हजार किलोमीटर चढून भूस्थिर कक्षेपर्यंत गेले, तरी हा आकडा बेचाळीसवरच थांबतो. म्हणजे पहिल्या वीस हजारांच्या चढणीत जे पदरात पडते, त्याच्या मानाने पुढच्या चढणीची कमाई अगदीच किरकोळ आहे. मग भूस्थिर कक्षेचा एवढा बोलबाला का? तर तेथला उपग्रह आपल्या देशाच्या माथ्यावरून हलत नाही, आणि मध्यम कक्षेतला मात्र एका मुलखात घटकाभरही स्थिर राहत नाही. या भेदातूनच माझे पुढचे सगळे विवेचन निघते.

हा मधला मुलूख आरंभी बदनाम होता, आणि ती बदनामी निराधारही नव्हती. १९५८ सालच्या जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेने आपला पहिला उपग्रह एक्सप्लोरर सोडला. त्यावर जेम्स व्हॅन ॲलन या पदार्थवैज्ञानिकाने प्रारण मोजणारे एक साधे गणकयंत्र बसविले होते. काही उंचीच्या वर गेले की ते यंत्र मूक होई. प्रारण नाही म्हणून ते मूक होते असे नव्हे. यंत्र गुदमरून जावे इतके ते विपुल होते, असा निष्कर्ष त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी काढला, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या विद्युत्कणांचे जे दोन पट्टे तिच्याभोवती आहेत त्यांस त्याचे नाव मिळाले. मध्यम कक्षेचा बराचसा प्रदेश या पट्ट्यांनी व्यापलेला आहे. १० जुलै १९६२ रोजी टेलस्टार नावाचा सत्त्याहत्तर किलोग्रॅम वजनाचा गोल उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत सोडण्यात आला. त्या कक्षेचा वरचा भाग या मुलखात शिरत होता. अमेरिकेतील मेन परगण्यातून निघालेले दूरचित्र त्याच्या साहाय्याने अटलांटिक ओलांडून फ्रान्समध्ये उमटले, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर मोठा जल्लोष झाला. पण दर प्रदक्षिणेत हा संबंध वीसेक मिनिटेच टिके, कारण उपग्रह क्षितिजाखाली जाई. त्याहून मोठे विघ्न घरातूनच आले होते. टेलस्टारच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या लष्कराने प्रशांत महासागरावर सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट घडवून आणला, आणि त्यातून उसळलेल्या इलेक्ट्रॉनांनी निसर्गाच्या पट्ट्यांत मानवनिर्मित भर घातली. टेलस्टारची नाजूक अर्धसंवाहक यंत्रे त्या माऱ्याने जायबंदी झाली, आणि १९६३ च्या फेब्रुवारीत तो कायमचा निकामी झाला. एका खात्याच्या उजव्या हाताला डाव्याची खबर नसणे हा केवळ आपल्याकडचाच दोष आहे असे मानणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

त्यानंतर दूरसंदेशाचा सारा व्यवहार भूस्थिर कक्षेकडे वळला. आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली जे विक्रम भूउपग्रह केंद्र सुरू झाले, त्याची प्रचंड थाळी हिंदी महासागरावरच्या अशाच एका खिळलेल्या उपग्रहाकडे तोंड करून उभी होती. मधले आकाश तोवर ओसाड पडले, आणि ते पुन्हा वसविले ते घड्याळजींनी.

या वसाहतीचा उगम स्पुत्निकपर्यंत मागे नेता येतो. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा तो पहिला उपग्रह बीप बीप करीत फिरू लागला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक त्याचा स्वर ऐकत बसले. जवळ येताना चढणारा आणि दूर जाताना उतरणारा तो स्वर मोजून त्यांनी उपग्रहाची कक्षा गणिताने काढली. त्यांच्या वरिष्ठाने, फ्रँक मॅक्लुअरने, मग विचारले की, ठाऊक असलेल्या जागेवरून उपग्रहाची कक्षा निघत असेल, तर ठाऊक असलेल्या कक्षेवरून ऐकणाऱ्याची जागा का निघू नये? या उलट्या प्रश्नातून ट्रान्झिट नावाची नौकानयनाची व्यवस्था जन्मास आली. ती १९६४ पासून वापरात होती. परंतु तिचे उपग्रह अकराशे किलोमीटरांवर फिरणारे आणि मोजके असल्यामुळे, एकदा जागा समजली की पुन्हा समजेपर्यंत जहाजाच्या कप्तानास तासभर, कधी अधिकही, थांबावे लागे. जहाजास ते परवडे. विमानास परवडणारे नव्हते.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉजर ईस्टन याने यावर निराळा मार्ग धरला: उपग्रहात उत्तम घड्याळ ठेवावे आणि उपग्रह उंच न्यावा. १९६७ साली त्याचा पहिला प्रायोगिक उपग्रह स्फटिकाचे घड्याळ घेऊन गेला. १९७४ साली रुबिडियमची आणवीय घड्याळे गेली. आणि १९७७ च्या जूनमध्ये सिझियमचे घड्याळ गेले. दरम्यान १९७३ साली ब्रॅडफर्ड पार्किन्सन या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने नौदलाची आणि हवाई दलाची परस्परांशी भांडणारी प्रकरणे एकाच दप्तरात बांधून जी तजवीज मंजूर करून घेतली, तिचे नाव जीपीएस. फेब्रुवारी १९७८ मध्ये तिचा पहिला उपग्रह चढला, आणि १९९५ साली चोवीस उपग्रहांची माळ पूर्णपणे कामास लागल्याचे जाहीर झाले. विषुववृत्ताशी पंचावन्न अंशांचा कोन करणाऱ्या सहा प्रतलांत ही माळ विभागलेली आहे, आणि प्रत्येक उपग्रह नाक्षत्र दिवसात बरोबर दोन फेऱ्या करीत असल्यामुळे दररोज त्याच वाटेने भूमीवरून जातो. त्यांची राखण करणारी मूळची पाच केंद्रे कॉलोरॅडो, हवाई, असेन्शन, क्वाजालीन आणि आपल्या शेजारच्या समुद्रातील दिएगो गार्सिया येथे ठेवण्यात आली होती.

आता या व्यवस्थेची खुबी. सर्वसाधारण समजूत अशी असते की, उपग्रह आपल्याला वरून पाहतो आणि आपण कोठे आहोत हे सांगतो. वस्तुतः त्यास आपले अस्तित्वही ठाऊक नसते. तो केवळ दोन गोष्टींचा अखंड पुकारा करीत असतो: मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत. हा पुकारा प्रकाशाच्या वेगाने आपल्यापर्यंत पोहोचावयास उपग्रह डोक्यावर असल्यास सुमारे सदुसष्ट सहस्रांश सेकंद लागतात, क्षितिजाजवळ असल्यास थोडे अधिक. आणि आपल्या खिशातले यंत्र या विलंबावरून अंतर काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की स्थान निश्चित व्हावे. पण आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले असल्यामुळे त्याची चूक हीही एक अज्ञात राशी ठरते, आणि ती सोडविण्यास चौथा उपग्रह लागतो. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात तीनशे मीटर जातो, एवढे म्हटले म्हणजे वेळेत किती चोख असावे लागते याची कल्पना येईल. या उपग्रहांचा खरा व्यापार वेळेचा आहे. स्थान हे त्या वेळेच्या वजाबाकीतून निघते. विजेच्या जाळ्यांतील प्रवाह एका तालात ठेवणे, भ्रमणध्वनीचे मनोरे परस्परांशी जुळविणे, रोखेबाजारातील सौद्यांवर वेळेची मोहोर उठविणे, ही कामे स्थानाशी काहीही संबंध नसताना याच घड्याळांवर चालतात. वेळ कोणाची मानावयाची हा आपल्याकडेही एकेकाळी सार्वजनिक तंट्याचा विषय होता: १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ मुक्रर झाली, तरी मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आज पुण्यातल्या आणि पॅरिसमधल्या दूरध्वनीस वेळ सांगणारे एकच अधिष्ठान वर फिरते आहे, आणि तंटा करावयाचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

येथे आइन्स्टाइनचा संबंध येतो, आणि तो शोभेचा नाही. विशिष्ट सापेक्षता सिद्धांताप्रमाणे सेकंदास जवळजवळ चार किलोमीटर वेगाने धावणारे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या मानाने दिवसाला सात मायक्रोसेकंद मागे पडावे. सर्वसाधारण सिद्धांताप्रमाणे त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ते पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जावे. वजाबाकी करून रोज अडतीस मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अकरा किलोमीटरांहून अधिक अंतराची चूक साचेल. म्हणून उपग्रहातले घड्याळ जमिनीवरच किंचित मंद लावून पाठवितात. १९७७ च्या त्या सिझियम घड्याळाच्या वेळी सर्वांचा या गणितावर पुरता विश्वास बसलेला नव्हता, असे दिसते. कारण दुरुस्ती करणारी यंत्रणा उपग्रहात बसविली, पण ती बंद ठेवून तो वर पाठविला. वीसेक दिवस घड्याळाची चाल मोजली. सिद्धांताने एक अब्जाला ०.४४६५ इतका फरक सांगितला होता, मोजमापात ०.४४२५ आला, आणि मग खालून आज्ञा पाठवून ती यंत्रणा चालू करण्यात आली. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी पन्नास वर्षे ज्यावर वाद घातला तो प्रश्न असा एका कळीने निकालात निघाला, याचे मला अद्यापही कौतुक वाटते.

याच विषयातली दुसरी एक कथा युरोपची आहे. गॅलिलिओ या युरोपीय मालिकेचे दोन उपग्रह २०१४ च्या ऑगस्टमध्ये, अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यातील इंधननलिका गोठल्यामुळे, नियोजित वर्तुळाऐवजी लांबट कक्षेत जाऊन पडले. मार्गदर्शनाच्या दृष्टीने ते नासले. पण रोज दोनदा हजारो किलोमीटर वरखाली होणारे उत्तम घड्याळ भौतिकशास्त्रज्ञांना आयतेच मिळाले. त्यावर घेतलेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि गुरुत्वाकर्षणाने काळाच्या चालीत पडणाऱ्या फरकाची १९७६ साली झालेली परीक्षा त्यांनी सुमारे पाचपट अधिक काटेकोर केली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको की, त्याचे एकेक गाडगे क्षणभरच पाणी ओतते आणि पुन्हा खाली जाते. पाटाला अखंड धार हवी तर सगळी माळच भरलेली असावी लागते. मध्यम कक्षेतील उपग्रहांची रीत हीच आहे. भूमीवरच्या एका ठिकाणाहून कोणत्याही घटकेस निदान चार उपग्रह दिसावयाचे, तर सगळ्या पृथ्वीभोवती मिळून दोन डझन तरी फिरते ठेवावे लागतात; आणि ते फिरते असल्यामुळे त्यांची दृष्टी ज्याने ते सोडले त्याच्या हद्दीत मावत नाही. अमेरिकेस आपल्या पाणबुड्यांना व बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवावयाची होती. त्याच उपग्रहांवर कोठे अणुस्फोट होतो काय हे टिपणारी यंत्रेही तिने बसविली. परंतु भूमितीचा हुकूम असा की, हे करता करता तिला रत्नागिरीच्या खलाशासही वाट दाखवावी लागली. शिवाय ग्राहकयंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. ऐकणाऱ्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि खुल्या पुकाऱ्यावर पट्टी बसविण्याचा मार्ग कोणाकडे नाही. औदार्याचे श्रेय मी नाकारीत नाही, पण औदार्याच्या आधी भूमिती होती.

किल्ली मात्र मालकाच्या हाती राहिली. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ माणसे प्राणास मुकली; त्यानंतर अध्यक्ष रीगन यांच्या सरकारने ही व्यवस्था पूर्ण झाल्यावर नागरी उपयोगास विनामूल्य खुली राहील असे जाहीर केले. तरीही नागरी पुकाऱ्यात जाणूनबुजून खोट मिसळली जाई, जेणेकरून परक्याला शंभर मीटरांपलीकडची अचूकता लाभू नये. ही खोट २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी, अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेने काढण्यात आली, आणि रातोरात जगभरची ग्राहकयंत्रे सुधारली. ज्या हाताने एका रात्रीत सुधारली त्याच हाताने ती एका रात्रीत बिघडूही शकतात, हे इतर राष्ट्रांच्या कारभाऱ्यांना उमगावयास वेळ लागला नाही.

रशियाने आपली ग्लोनास मालिका १९८२ पासूनच चढवावयास घेतली होती. १९९५ च्या अखेरीस तिचे चोवीस उपग्रह पुरे झाले. परंतु त्यांचे आयुष्य तीन वर्षांच्या आतबाहेरचे, आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर तिजोरीत खडखडाट, अशा अवस्थेत शतक उलटताना त्यांतले सातआठच कामाचे उरले. पुन्हा माळ भरावयास २०११ साल उजाडले. युरोपची हकीकत वेगळीच: कंप्रतांचे वाटप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे केलेली मागणी मुदतीत प्रत्यक्ष वहिवाट झाल्याशिवाय टिकत नाही, म्हणून डिसेंबर २००५ मध्ये एक प्रायोगिक उपग्रह घाईने वर नेऊन युरोपने आपला कब्जा दाखल केला. कुळकायद्याशी परिचय असलेल्या आपल्या मंडळींस यात विशेष नवल वाटू नये. चीन अधिक सबुरीने चालला: प्रथम केवळ आपल्या देशापुरते, मग २०१२ च्या सुमारास आशियापुरते, आणि २०२० साली चोवीस मध्यमकक्षीय उपग्रहांसह सगळ्या जगापुरते.

या मुलखात सगळेच घड्याळजी राहतात असे मात्र नाही. १९७६ च्या मे महिन्यात लॅजिऑस नावाचा एक गोळा सुमारे ५,९०० किलोमीटरांवर सोडण्यात आला: साठ सेंटीमीटर व्यासाचा, चारशे किलोग्रॅमांहून थोडा अधिक वजनाचा, पितळेच्या गाभ्यावर ॲल्युमिनियमचे कवच आणि त्यात बसविलेले ४२६ परावर्तक. त्यात यंत्र नाही, विद्युत्घट नाही, काही बिघडावे असे काहीच नाही. जमिनीवरून लेसर किरण सोडावा, तो गोळ्यावरून परत येईल, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढावे, एवढाच त्याचा उपयोग. आणि एवढ्यावर खंडांची हालचाल, पृथ्वीच्या अक्षाचे डोलणे आणि तिच्या वस्तुमानाचा मध्यबिंदू यांची मोजमापे झाली. वातावरणाचा अडथळा तेथे जवळजवळ नसल्यामुळे तो चौऱ्याऐंशी लक्ष वर्षे फिरत राहील असा अंदाज आहे. म्हणून कार्ल सेगन यांनी त्यात एक पत्रा ठेवविला, ज्यावर सुमारे सव्वीस कोटी ऐंशी लक्ष वर्षांपूर्वीची, आजची आणि चौऱ्याऐंशी लक्ष वर्षांनंतरची अशी खंडांची तीन चित्रे आहेत. या सगळ्या उपग्रहांतला हा मला सर्वांत सुबक वाटतो. पण त्याचे दीर्घायुष्य ही त्या प्रदेशातील चिंतेचीही बाब आहे, कारण तेथे निकामी झालेला कोणताही उपग्रह आपोआप खाली येत नाही. त्यास मरणापूर्वीच बाजूच्या कक्षेत सारावे लागते.

आपल्याकडचे उपयोग सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. कोकणातला तांडेल पूर्वी डोंगरांच्या खुणांवर आणि ताऱ्यांवर भरवसा ठेवी. आता ज्या खडकात जाळे अडकते त्याची जागा तो यंत्रात नोंदवून ठेवतो. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक शंकू, साखळी आणि फलकयंत्र सोडून रोव्हर नावाची काठी घेऊन बांधावर उभा राहतो, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात ठिकठिकाणी कायम बसविलेली संदर्भकेंद्रे त्यास उपग्रहाच्या पुकाऱ्यातील चूक सतत कळवीत असल्यामुळे त्याची मोजणी काही सेंटीमीटरांपर्यंत बरोबर येते. अर्थात, मूळचा नकाशाच आजोबांच्या काळी हातभर सरकविलेला असेल, तर या अचूकतेने तंटा मिटण्याऐवजी अधिक काटेकोर होतो, असा तालुक्याच्या कचेरीतला अनुभव आहे. संकटात सापडलेल्या जहाजाची वा विमानाची हाक पूर्वी खालच्या कक्षेतील उपग्रहांनी टिपावयास तासाहून अधिक वेळ जाऊ शके. आता जीपीएस, ग्लोनास आणि गॅलिलिओ यांच्या पाठीवर बसविलेली यंत्रे ती काही मिनिटांत पोहोचवितात, आणि २०२० पासून गॅलिलिओ तुमची हाक पोहोचली असे उत्तरही त्या बुडत्या माणसास देऊ शकतो. ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था भारतात बंगळुरू येथून चालते.

दूरसंदेशाचा व्यवहारही टेलस्टारनंतर अर्धशतकाने या मुलखात परतला आहे. २०१३ पासून विषुववृत्तावर ८,०६२ किलोमीटर उंचीवर, दोन प्रारण पट्ट्यांच्या मधल्या विरळ प्रदेशात, ओथ्रीबी नावाची मालिका फिरते. भूस्थिर उपग्रहामार्गे प्रश्न जाऊन उत्तर परत यावयास केवळ अंतरापोटी अर्ध्या सेकंदास थोडा कमी वेळ लागतो, तो येथे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. संभाषणात हा फरक चांगलाच जाणवतो. प्रशांत महासागरातील ज्या बेटांवर समुद्रतळाची तार पोहोचली नव्हती त्यांना या मालिकेचा प्रथम लाभ झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये जिओने याच प्रकारच्या उपग्रहांच्या साहाय्याने गीर, कोरबा, नबरंगपूर आणि जोरहाट ही दूरची ठिकाणे जोडून दाखविली.

आता दुर्बलतेविषयी. वीस हजार किलोमीटरांवरून येणारा हा पुकारा आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की, एखाद्याने शेजारी बसून त्याच कंप्रतेवर गोंगाट केला तर तो सहज बुडतो; आणि त्याहून धूर्त माणूस खोटा पुकारा करून ऐकणाऱ्यास भलत्याच ठिकाणी असल्याचे पटवू शकतो. अलीकडच्या युद्धांत हे दोन्ही प्रकार सर्रास चालतात, आणि युद्धक्षेत्राच्या आसपास उडणाऱ्या प्रवासी विमानांना त्याचा उपद्रव होतो. एवढे सगळे व्यवहार एकाच क्षीण आवाजावर सोपवावे आणि दुसरे घड्याळ जवळ ठेवू नये, हे शहाणपणाचे नव्हे, असे मला वाटते.

राहता राहिला भारताचा प्रश्न. २००६ साली मंजूर झालेल्या आपल्या प्रादेशिक व्यवस्थेने, आज जिला नाविक म्हणतात तिने, मध्यम कक्षा मुद्दाम टाळली. तीन उपग्रह भूस्थिर कक्षेत आणि चार त्याच उंचीवरच्या कललेल्या कक्षांत ठेवले, की ते सातही भारत आणि त्याभोवतीचा पंधराशे किलोमीटरांचा टापू यावर डोळा ठेवून राहतात. चोवीसांचा खर्च नाही, आणि परक्याची चाकरीही नाही. हिशेब चोख होता. पण सातांच्या माळेत एखादा जरी गळला तरी खिंडार मोठे पडते, आणि तसे ते पडले. २०१३ साली गेलेल्या पहिल्या उपग्रहाची तीनही रुबिडियम घड्याळे पुढे बंद पडली. ती परदेशातून आणविलेली होती, आणि त्याच सुमारास गॅलिलिओवरीलही कित्येक घड्याळे दगावली. त्याच्या जागी २०१७ च्या ऑगस्टमध्ये पाठविलेला उपग्रह अग्निबाणाचे शिरस्त्राण न उघडल्याने आतच अडकून राहिला, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये दुसरा पाठवून ती उणीव भरावी लागली. २९ मे २०२३ रोजी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात घडविलेले स्वदेशी आणवीय घड्याळ घेऊन नव्या पिढीचा पहिला उपग्रह यशस्वीपणे चढला; त्यानंतरचा, जानेवारी २०२५ मधला, एक झडप न उघडल्यामुळे वाटेतल्याच लांबट कक्षेत लोंबकळत राहिला.

मध्यम कक्षेत आपलेही उपग्रह न्यावेत असा विचार इस्रोच्या अधिकाऱ्यांनी वेळोवेळी बोलून दाखविला आहे, आणि माझा कौल त्या बाजूस आहे. आपली जहाजे, आपली विमाने आणि आपली माणसे पंधराशे किलोमीटरांच्या टापूत थांबत नाहीत, आणि घड्याळ घरी घडविता येऊ लागल्यावर सर्वांत अवघड अडचण दूर झाली आहे. परंतु खर्चाच्या अंदाजपत्रकावर सही करणाऱ्यांनी एक गोष्ट आरंभीच मान्य करावी: त्या कक्षेत गेलेला भारताचा उपग्रह दिवसाचा मोठा भाग प्रशांत महासागरावर, दक्षिण अमेरिकेवर आणि आफ्रिकेवर घालवील, पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यास फुकट वेळ सांगेल, आणि त्या सेवेचे बिल पाठविण्याची सोय केप्लरच्या नियमांत नाही. आणि त्याआधी सातांची माळ पूर्ण भरून, प्रत्येक उपग्रहाचा वारस जमिनीवर तयार ठेवून, ती सलग दहा वर्षे चालवून दाखवावी. चोवीस उपग्रह चढविणे एकदाच करावे लागते, पण त्यांतल्या मरणाऱ्यांच्या जागा दरसाल भराव्या लागतात, आणि ही दुसरी तरतूदच रशियात, ग्लोनासची माळ रिकामी होत गेली त्या वर्षांत, कोणी केलेली नव्हती.